फेसमधली अर्ध्या दिवसाची टूर आणि माझ्या प्रकरणातलं एक चुकीचं वाक्य

गेल्या वर्षी माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य होतं: 'पारंपरिक पद्धतीत कबुतरांच्या विष्ठेतील अमोनियामुळे कातडे मऊ होते.' प्रकरण मॅडमकडून परत आलं तेव्हा त्या वाक्याभोवती पेन्सिलने गोल होता आणि बाजूला दोनच शब्द होते, 'कसं कळलं?' मी लगेच सांगितलं, 'मॅडम, मी स्वतः बघून आलेय.' त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं बघत राहिल्या. त्या बघण्यातून हा लेख निघालाय.

(एक खुलासा आधीच करते. आपल्याकडे पीएचडीच्या मार्गदर्शकांनाही गाईड म्हणतात. इथे गाईड म्हणजे टूरवाला, आणि मॅडम म्हणजे मॅडम.)

माझं काम अल्कलाइन प्रोटिएज या एन्झाइमवर आहे. कातड्यावरचे केस काढायला सोडियम सल्फाइडऐवजी ते वापरता येईल का, एवढाच माझा प्रश्न. त्यामुळे कासाब्लांकाला परिषदेत पोस्टर लागलं तेव्हा फेसला जायचंच हे ठरलेलं होतं, कारण तिथली चोवारा टॅनरी. आम्ही चौघांनी मिळून खासगी गाडी आणि अर्ध्या दिवसाचा खासगी गाईड असं पॅकेज घेतलं. त्या टूरची ही समीक्षा. पुस्तकाची करतात तशीच करणार आहे, कारण टूर हीसुद्धा कुणीतरी रचलेली गोष्ट असते. खरं तर ती रिव्ह्यू पेपरच्या जास्त जवळची आहे. कुणीतरी तुमच्या वतीने सगळं आधी वाचलेलं असतं, काय दाखवायचं आणि काय वगळायचं ते ठरवलेलं असतं, आणि वगळलेलं तुम्हाला कधीच दिसत नाही.

गाडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जवळजवळ तीनशे किलोमीटर हमरस्ता, थंडगार एसी, पाण्याच्या बाटल्या. रबात आणि मेकनेस पाट्यांवर वाचलं. परत येताना पैसे वाचवायला आगगाडीने आलो, तेव्हा समोर बसलेल्या मुलीने आमचं पोस्टर उलगडायला लावलं आणि मोडक्या इंग्रजीत अर्धा तास प्रश्न विचारले. जाताना आमच्याशी कुणीच बोललं नव्हतं. चालक सोडून, आणि तोही फोनवर.

फेसच्या जुन्या शहरात, म्हणजे फेस एल बालीत, मोटारी जात नाहीत. माल गाढवांवरून येतो. १९८१ मध्ये हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. गल्ल्या अशा आहेत की नकाशा हातात असूनही दहा मिनिटांत आपण हरवतो. गाईड लागतो तो यासाठी, आणि आमचा गाईड उत्तम होता, हे आधी नोंदवते. बिल्ला लावलेला, अधिकृत. बू इनानिया मदरशात (बांधकाम १३५० ते १३५५) त्याने खालून वर बघायला शिकवलं: कमरेपर्यंत तुकड्या-तुकड्यांच्या फरशीचं काम, त्याच्या वर कोरलेला गिलावा, सगळ्यात वर देवदार लाकूड. 'पाठीला आणि हाताला जे लागतं ते कठीण, जिथे फक्त डोळा पोचतो ते नाजूक,' असं काहीसं तो म्हणाला. एवढ्या एका सूचनेने पुढच्या प्रत्येक इमारतीत मला बघता यायला लागलं. चांगला शिक्षक हेच करतो.

पण त्याच मदरशासमोर रस्त्याच्या पलीकडे दार अल-मगाना आहे. १३५७ सालचं पाणघड्याळ. भिंतीत खिडक्यांची ओळ आणि खाली एकेकाळी पितळी कटोरे. तासाला एक दार उघडायचं आणि कटोऱ्यात गोळा पडायचा, असा अंदाज आहे. आतली यंत्रणा उरलेली नाही, त्यामुळे ते नेमकं कसं चालायचं हे आज कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. माझ्या मते त्या अख्ख्या रस्त्यावरची सगळ्यात रोचक भिंत. टूरने तिला अर्धं मिनिट दिलं. साहजिक आहे, 'माहीत नाही' या वाक्यावर फोटो निघत नाही.

याच्या उलट करवीयीन. 'जगातलं सगळ्यात जुनं विद्यापीठ, ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी नावाच्या स्त्रीने स्थापन केलं.' आम्ही दारातून अंगणाकडे बघत होतो, कारण मोरोक्कोत बहुतेक मशिदींत मुस्लिमेतरांना आत जाता येत नाही. हे वाक्य ऐकून मी आणि माझ्याबरोबरची चेन्नईची मैत्रीण, दोघींनी एकमेकींकडे बघितलं. विज्ञानाच्या विभागात मुलगी म्हणून पाच वर्षं काढली की असं वाक्य थेट काळजात जातं. मी त्याच रात्री ते घरच्या ग्रुपवर टाकलं.

आता परत येऊन काय वाचलं ते सांगते. फातिमाची ही गोष्ट मुख्यतः इब्न अबी झर याच्या इतिहासातून येते आणि तो चौदाव्या शतकातला. घटना आणि नोंद यांत साडेचारशेहून जास्त वर्षं. त्यात गोष्टीला जुळी बहीणही आहे: फातिमाने नदीच्या एका काठावर करवीयीन बांधली, तिची बहीण मरियमने दुसऱ्या काठावर अंदलुसी मशीद. दोन बहिणी, दोन काठ, दोन मशिदी. इतका सुबक डेटा आला की प्रयोगशाळेत आपण आधी उपकरण तपासतो. शिवाय विसाव्या शतकात दुरुस्तीच्या वेळी मशिदीत एक कोरीव लेख सापडला, त्यावर दाऊद इब्न इद्रिस या राज्यकर्त्याचं नाव आणि ८७७ शी जुळणारं हिजरी वर्ष आहे. आणि 'विद्यापीठ' म्हणाल तर मशिदीत चालणारं शिक्षण जुनं आहे यात वाद नाही, पण आधुनिक सरकारी विद्यापीठाचं रूप तिला १९६० च्या दशकात मिळालं.

म्हणजे फातिमा नव्हतीच? असं मी म्हणत नाही. इब्न अबी झरच्या समोर आज हरवलेली जुनी साधनं असू शकतात. पण पुरावा इतका पातळ असताना 'स्थापन केलं' आणि 'स्थापन केल्याचं परंपरा सांगते' यांत जे अंतर आहे ते गाईडने मिटवून टाकलं, आणि मी आनंदाने मिटवू दिलं. मला ते खरं हवं होतं. ज्या निष्कर्षाने आपण सुखावतो त्याला आपण दुसरा प्रश्न विचारत नाही, हे मला प्रोटिएजच्या आलेखांबाबत माहीत होतं. स्वतःबाबत नव्हतं.

आता चोवारा. टॅनरी बघायची म्हणजे चामड्याच्या दुकानातून तीन जिने चढून गच्चीवर जायचं. दारात पुदिन्याची काडी हातात देतात, नाकाशी धरायला. खाली मधमाशांच्या पोळ्यासारखे हौद: चुन्याचे पांढरे, रंगांचे रंगीत, आणि त्यांत मांडीपर्यंत उतरलेली माणसं. गाईड म्हणाला, कबुतरांच्या विष्ठेतल्या अमोनियाने कातडं मऊ होतं. लाल रंग खसखशीच्या फुलांचा, हिरवा पुदिन्याचा, पिवळा केशराचा. आम्ही माना डोलावल्या. मग जिना उतरलो, थेट जॅकेटांच्या दालनात.

मी काय बघितलं? हौद बघितले आणि वास घेतला. अमोनिया कातड्याचं काय करतो हे काही मी बघितलं नव्हतं, ते मी ऐकलं. डोळ्यांसमोर हौद असताना ऐकलं म्हणून ते बघितल्यासारखं वाटलं. मॅडमच्या पेन्सिलचा गोल बरोब्बर या फटीवर होता.

यातली गंमत अशी की हीच चूक माझ्या आधी एका मोठ्या माणसाने केली होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या टॅनऱ्यांतही कुत्र्यांची आणि पक्ष्यांची विष्ठाच वापरत. गॅस कारखान्यातल्या पाण्याचा वास त्याला तसाच वाटला, तेव्हा अमोनियाच काम करत असणार असं धरून त्याने एक द्रावण बनवलं. ते नीट चाललं नाही. मग त्याने स्वादुपिंडातल्या एन्झाइमकडे मोर्चा वळवला, आणि १९०७ च्या सुमारास आलेलं त्याचं ओरोपॉन चाललं. इंग्लंडमध्ये जे. टी. वुडही जिवाणू आणि त्यांची एन्झाइम यांच्याकडेच बोट दाखवत होता. विष्ठेतले अमोनियम क्षार कातड्यातला चुना काढायला मदत करतात, तेवढं श्रेय त्यांचं. पण मऊपणा येतो तो प्रोटिएज तंतूंमधली नको असलेली प्रथिनं तोडतात म्हणून. प्रोटिएज! माझाच विषय. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी माझ्याच एन्झाइमचं श्रेय अमोनियाला देऊन ठेवलं होतं.

गाईडला दोष द्यावासा वाटत नाही. हे वाक्य प्रवासलेखांतही तसंच फिरत असतं. माझी तक्रार गच्चीबद्दल जास्त आहे. वरून बघितलं की हौद नक्षीसारखे दिसतात आणि माणसं नक्षीतले ठिपके. खाली जाऊन कुणाला विचारायची सोय आमच्या टूरमध्ये नव्हती. मी विचारलं तर गाईड म्हणाला, 'वास सहन होणार नाही.' कोल्हापुरात ढोर समाजातल्या कारागिरांनी हिरडा आणि बाभळीच्या सालीत पिढ्यान् पिढ्या चामडं कमावलं, आणि गावाने त्यांच्याकडे कुठून बघितलं हे आपल्याला सांगायला लागत नाही. तरी मीसुद्धा पुदिना नाकाशी धरून वरूनच बघितलं. ज्यांना कातडं बोटांनी चाचपून 'आता झालं' हे कळतं, ती माणसं तीस फुटांवर होती आणि मी माहिती घेत होते ती जॅकेट विकणाऱ्या गच्चीवर.

दुकानांच्या कमिशनबद्दल लोक फार चिडतात. मला ते समजून घेण्यासारखं वाटतं. फेसपासून तीसेक किलोमीटरवरच्या सेफ्रू गावात मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झने बाजाराचा अभ्यास केला होता. त्याचा १९७८ चा छोटा लेख जरूर वाचा, विज्ञानवाल्यांनीही. बाजारात सगळ्यात दुर्मिळ वस्तू म्हणजे भरवशाची माहिती, आणि घासाघीस किंवा ठरलेलं गिऱ्हाईक हे ती मिळवायचे मार्ग, असं त्याचं म्हणणं. त्या नजरेने बघितलं तर खासगी गाईड आपल्याला शोधाशोधीच्या त्रासातून सुटका विकतो, आणि दुकानाला शोधाशोध न करणारं गिऱ्हाईक. दोन्हीकडून तो प्रामाणिक असू शकतो. फक्त रंग केशराचा आहे का, हा प्रश्न त्या व्यवहारात कुणालाच परवडत नाही.

मला मात्र परवडत होता. एक ग्रॅम केशराला साधारण दीडशे फुलं लागतात. त्या भावात चपला रंगवून कोण विकेल? मी पिवळ्या बाबूशची एक जोडी घेतली होती, चारेकशे रुपये पडले. परत आल्यावर आतल्या बाजूची चिंधी कापली, कोमट पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये भिजवली, शेजारी घरच्या डबीतलं केशर, आणि पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर दोन्ही चालवले. ठिपके जुळले नाहीत. मी लगेच मॅडमना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: 'एक चप्पल. कंट्रोल कुठेय?' म्हणून आता दुसरी जोडी शोधतेय. फेसला कुणी जात असेल तर पिवळीच आणा, पावतीसकट, आणि शक्य झालं तर गच्चीवर न चढता खाली हौदाशी कुणाला तरी विचारून या.