गाडीखाना : नाव, वीट आणि जतन

जुन्या वास्तूंचा विचार करताना मराठी समीक्षेची दृष्टी देवालय, दुर्ग आणि वाडा या तिहींवर स्थिरावते. पागा, तबेला, गाडीखाना या वास्तू तिच्या लेखी केवळ पुरवणी ठरतात. ही उपेक्षा किती अनाठायी आहे, हे नांदगावच्या इतिहासावरून ध्यानात येते. 1860 च्या दशकाच्या आरंभी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येथे पोहोचली. तेव्हापासून 1900 च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे मनमाडला येऊन मिळेपर्यंत, वेरूळ व औरंगाबादकडे जाणारा प्रवासी नांदगावास उतरून टांग्याने पुढे जाई. औरंगाबादपर्यंतची सुमारे 90 किलोमीटरची वाट एकाच जोडीच्या दमाने सरणारी नव्हती. टप्प्याटप्प्यावर घोडी बदलावी लागत. अशा वाहतुकीस घोड्यांचे ठाण, दाणावैरणीची कोठी आणि गाड्यांसाठी छप्पर अपरिहार्य होते. नवा लोहमार्ग सुरू होताच या साखळीचे प्रयोजन संपले. वेरूळची लेणी 1983 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. तेथवर नेणाऱ्या वाटेचा वास्तुविचार मात्र फारसा झाला नाही.

या वास्तूंतील भेद भाषेने अचूक टिपला आहे. ‘पागा’ हा फारसी ‘पायगाह’चा मराठी अवतार, त्याचा संबंध घोड्यांशी आणि पर्यायाने घोडदळाशी. ‘गाडीखाना’ हा देशी व फारसी पदांचा संकर असून त्याचा संबंध वाहनाशी आहे. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. घोड्यास वारा, उजेड आणि मूत्राचा निचरा हवा. लाकूड, चामडे व रोगण यांनी घडलेल्या गाडीस कोरडी सावली हवी. तबेल्यातील उग्र वाफेने रोगण बिघडते, म्हणून दोहोंमध्ये भिंत आवश्यक ठरते. वाड्याच्या दारास उंबरठा शोभा आणतो, गाडीखान्यास तो वर्ज्य. चाक आत वळले पाहिजे. रुंद दारावर लांब तुळई न घालता कमान वळविण्याची सोय विटेने दिली. अशा वास्तूचे सौंदर्य दर्शनी नक्षीत नसून या प्रयोजननिष्ठ मांडणीत असते.

जतनाचा खरा प्रश्न येथेच उद्भवतो. वर्षानुवर्षे मूत्र मुरलेल्या भिंतीत क्षार साठतात. ओलीबरोबर ते वर चढतात आणि पाणी उडून गेल्यावर पृष्ठावर फुलतात. मराठीत यास ‘लोणा लागणे’ म्हणतात. चुन्याच्या सांध्यांतून ही ओल बाहेर पडते. सांधा झिजतो, वीट वाचते. सांध्यांत सिमेंट भरले म्हणजे ओल विटेतूनच वाट काढते, क्षार विटेच्या अंगात स्फटिकरूप घेतात आणि तिचा दर्शनी थर सुटू लागतो. दुरुस्तीचा मसाला विटेहून दुर्बल असावा, हा नियम म्हणूनच मूलभूत होय. बळकटीच्या हव्यासाने केलेली डागडुजी ही संथ गतीने होणारी मोडतोडच ठरते.

याउलट, नाव टिकले म्हणजे वारसा टिकला, असा एक समज रूढ आहे. पुण्यात पेशव्यांच्या पागेच्या जागी 1884 मध्ये निघालेली मुलींची शाळा आजही ‘हुजूरपागा’ म्हणून ओळखली जाते. शुक्रवार पेठेतील महापालिकेच्या दवाखान्यास लोक ‘गाडीखाना’च म्हणतात. या नावांचे भाषिक मोल निर्विवाद आहे. घोड्याच्या जागी विद्यार्थिनी आली, हे परिवर्तन अभिमानास्पदही आहे. परंतु दाराची रुंदी, जमिनीचा उतार, ठाणांतील अंतर हे नावावरून कळत नाही; तो पुरावा केवळ वास्तूच देऊ शकते.

तेव्हा कोणत्याही गाडीखान्याचे जतन प्रथम मोजमापाने, नंतर चुन्याने आणि शेवटी नव्या वापराने व्हावे. नवा वापर निवडताना रुंद कमान बुजवावी लागत असेल, तर तो वापर त्या वास्तूस अयोग्य समजावा. कमान बुजल्यावर मागे उरते ती विटांची एक भिंत. गाडीखाना तेथेच संपतो.