तारप्याचा फेर आणि आपले कान

शहरातल्या एका दिवाणखान्यात तारपा नाचाचे चित्र पाहिले. यजमान म्हणाले, "किती निरागस लोक!" चित्राने काय सांगितले आणि त्यांनी काय ऐकले? लग्नघरी बायका भिंतीवर रेखाटत ती वारली रेषा जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणली. त्यांच्या फेरात माणसे एकमेकांना धरून नाचतात. एकाचे पाऊल चुकले तर सगळा फेर अडखळतो. पाहणाऱ्याला मात्र नक्षीच दिसते. याच वारल्यांनी १९४५ साली तलासरी-उंबरगाव भागात एकजुटीने वेठबिगार झुगारली. तो इतिहास वगळून केलेले कौतुक हा गैरसमज नव्हे, ते सोयीचे बहिरेपण आहे. भिंतीवर चित्र लावणाऱ्यांनी आधी त्या माणसांचे ऐकावे.