काळ्या रंगाची पावडर

'रंग माझा वेगळा' ही मालिका २०१९ साली स्टार प्रवाहवर सुरू झाली. नायिका दीपा काळी. रंगापायी सासू तिचा दुस्वास करते. काळ्या पोरीची बाजू घेणारी मालिका म्हणून तिचं कौतुक झालं. मी काळी आहे, म्हणून या कौतुकाची झडती घेते.

दीपाचं काम रेश्मा शिंदे यांनी केलं. त्या गोऱ्या. काळा मेकअप फासून कॅमेऱ्यापुढं आल्या. नटीवर माझा राग नाही, तिनं तिचं काम केलं. सवाल निवडणाऱ्यांना आहे. काळेपणा पाहिजे, काळी पोरगी नको! सावळ्या नट्यांचा काय दुष्काळ पडला होता? २०१६ साली 'सैराट'मधल्या रिंकू राजगुरूला अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं. पाटलाची पोर सावळी, बुलेट उडवते, अन् तिच्या रंगापायी सिनेमात कुणी रडत बसत नाही.

दीपा मात्र सोसते, सगळ्यांचं भलं करते, म्हणून गोड. म्हणजे रंगाची भरपाई गुणांनी करायची. गोरीला ही अट नाही. ह्यात स्वतःचा स्वीकार कुठाय? ही तर जन्मभराची माफी झाली.

'फेअर अँड लव्हली'नं १९७५ पासून हीच भीती विकली. २०२० साली अमेरिकेतले काळे रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठं कंपनीनं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं. क्रीम दुकानात आहेच.

आणि आपण? आपल्या वधू-वर मेळाव्यातला बायोडाटा काढून बघा. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली 'रंग : गोरा'. 'तू आपल्यातली वाटत नाहीस' हे आपल्यातच कौतुकानं बोललं जातं. इंग्रजी अमदानीत लोकांची नाकं मोजून जाती वंशांत बसवल्या गेल्या. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तीच मापं हातात घेतली आणि दाखवून दिलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत. जात कातडीवर लिहिलेली नसते. तरी आपण पोरीच्या तोंडावर ती शोधतो, अन् पुसायला तिच्याच हाती ट्यूब देतो.

तेव्हा मित्रांनो, पोरींना आरशापुढं उभं करून 'मी सुंदर आहे' घोकायला लावू नका. जे चारचौघांनी तिच्या मनात भरलं, ते तिनं एकटीनं का उपसावं? पुढच्या मेळाव्यात कार्यकर्त्यांनी फॉर्मवरचा रंगाचा रकाना आधी खोडावा. मालिकांची समीक्षा मग पुढं करू.