ताटलीच्या काठावरची लिपी



देवळ्यासारख्या कांद्याच्या गावात फ्रान्सच्या राजेशाही चिनी मातीवर व्याख्यान कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. म्हणून सुरुवात आपल्याच मांडणीपासून करू. घरातलं एखादं जुनं पितळी पातेलं घ्या. त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं: अमक्यांकडून सप्रेम भेट, आणि खाली तारीख. ज्या तांबटाने ते ठोकून घडवलं त्याचं नाव मात्र कुठेही नसतं. म्हणजे भांडं स्वयंपाकाच्या उपयोगाचं असलं, तरी देणाऱ्याची आठवण ठेवण्याचं कामही ते करतं.

आता पॅरिसजवळच्या सेव्रला जाऊ. तिथला चिनी मातीचा कारखाना 1756 साली उभा राहिला आणि 1759 मध्ये खुद्द पंधराव्या लुईने तो ताब्यात घेतला. राजे गेले, क्रांती झाली, तरी कारखाना टिकला. नेपोलियनच्या काळात, 1810 ते 1812 या वर्षांत, तिथे एक संच तयार झाला. तो ‘इजिप्शियन सर्व्हिस’ म्हणून ओळखला जातो. जेवणानंतरच्या गोडासाठीच्या या ताटल्या. नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या विवाँ देनों यांनी तिथली चित्रं काढली आणि 1802 साली ती ग्रंथरूपाने छापली. त्या चित्रांवरून स्वेबाक नावाच्या चित्रकाराने ताटल्यांच्या मध्यभागी तपकिरी रंगात देखावे रंगवले.

सोबत टेबलाच्या मधोमध मांडायची शोभेची रचनाही आहे. ती सहा मीटरहून लांब आहे आणि तिच्यात देवळं, स्तंभ, मेंढ्यांच्या मूर्तींच्या रांगा आहेत, सगळं बिनचकाकीच्या पांढऱ्या चिनी मातीत. आपल्याकडे लग्नात रुखवत मांडतात ना, तसाच प्रकार समजा. रुखवतातला साखरेचा किल्ला कोणी फोडून खात नाही. तो पाहायचा असतो. युरोपातही अशा रचना पूर्वी साखरेच्याच करत, पुढे त्यांची जागा चिनी मातीने घेतली.

कारागिरीबद्दल आमची तक्रार नाही. कठीण जातीची ही माती सुमारे 1400 अंशांच्या आचेत भाजावी लागते, मग रंगांसाठी कमी आचेवर पुन्हा भट्टी, आणि शेवटी सोन्याचा मुलामा घोटून चमकवायचा. एवढ्या आचेतून ती बारीक रेघ शाबूत बाहेर येते, ही साधी गोष्ट नाही.

आमचं बोट वेगळ्याच जागी आहे. ताटलीच्या गडद निळ्या काठावर सोनेरी चित्रलिपी आहे. आता सन पाहा. शाम्पोलियोंने ही लिपी उलगडली ती 1822 साली, म्हणजे ताटल्या झाल्यानंतर दहा वर्षांनी. काठावर काय लिहिलंय हे रंगवणाऱ्याला, बादशहाला, कोणालाच वाचता येत नव्हतं! एका संस्कृतीची अक्षरं नक्षी होऊन बसली.

कांट 1790 च्या ग्रंथात ‘मुक्त सौंदर्या’चं उदाहरण म्हणून काठावरची पानाफुलांची नक्षीच देतो. ती काही सांगत नाही, म्हणून ती निखळ सुंदर. ठीक आहे. पण पानं मुळातच काही बोलत नसतात. अक्षरं बोलत असतात. अक्षरांना पानं मानायचं, तर आधी त्यांना गप्प करावं लागतं. इजिप्तची ती मोहीम 1801 मध्ये शरणागतीने संपली होती. ताटलीवर ती हार नाही, शांत देवळं आहेत. रणात हरलेला मुलूख टेबलावर जिंकून घेतला, असं आम्ही म्हणू.

पुढची कथा भेटीची. हा संच नेपोलियनने घटस्फोटित जोसेफीनला देऊ केला. तिने 1812 मध्ये तो नाकारला. तिला तो फार रुक्ष वाटला. मग 1818 साली अठराव्या लुईने तो दिला कोणाला, तर नेपोलियनला वॉटर्लूवर हरवणाऱ्या वेलिंग्टनला. आज तो लंडनला, वेलिंग्टनच्या ॲप्सली हाउसमध्ये आहे.

हा वेलिंग्टन म्हणजे आपल्या इतिहासातला आर्थर वेलस्ली. 1803 च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला आणि सप्टेंबरात असईची लढाई जिंकणारा तोच. त्याच घरात सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या भांड्यांचा आणखी एक संच आहे, ‘डेक्कन सर्व्हिस’. दख्खनेत त्याच्या हाताखाली लढलेल्या अधिकाऱ्यांनी तो त्याला भेट दिला. म्हणजे एका टेबलाला इजिप्त आणि दुसऱ्याला आपण! आणि ज्या 1818 मध्ये त्या ताटल्या त्याच्याकडे गेल्या, त्याच वर्षी पेशवाई संपली आणि जूनमध्ये इथून जवळच मालेगावचा भुईकोट इंग्रजांच्या हाती गेला.

कोणी म्हणेल, सर, सुंदर वस्तूवर इतिहासाचं ओझं कशाला? आम्ही ओझं घालत नाही; ते भट्टीतच घातलेलं आहे. मधला देखावा स्वेबाकच्या हाताने मोठा झाला आहे, हे मान्य करू. काठ मात्र आम्हाला पटत नाही. सौंदर्यासाठी न वाचणं हा तिथे दोष ठरतो.

आणि हा दोष फक्त फ्रेंचांचा नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांचे मोडीतले कागद ट्रंकेत पडून आहेत. अलीकडे काही जण त्यातला एखादा काचेत मढवून दिवाणखान्यात लावतात. छान दिसतो. त्यात कर्जाचं खत आहे, जमिनीचा वाद आहे की कोणाची विनवणी, हे घरात कोणालाच ठाऊक नसतं. परकी लिपी कोणाला येत नव्हती म्हणून ती नक्षी झाली. आपली लिपी वाचणारे अजून आहेत. तेव्हा घरी गेल्यावर तो कागद काचेतून काढा आणि मोडी जाणणाऱ्याकडून आधी वाचून घ्या. मग पुन्हा खुशाल भिंतीवर लावा.

आता आपले प्रश्न असतील तर घेऊ.