खांदेरी आणि आमचे प्रवासवर्णनकार

मराठी प्रवासवर्णनकारांस दूरचीं बेटें नीट दिसतात, घरचीं दिसत नाहींत, असें आम्हांस वारंवार वाटतें. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मध्यें (१९६३) बाली बेट भेटतें तें तेथील माणसांतून व नृत्यांतून. उलट, अलिबागेजवळच्या थळच्या समुद्रांतील खांदेरीकडे लेखणी वळली कीं लागलीच तिची बखर होते. १६७९ सालीं शिवछत्रपतींनीं बेट बांधावयास घेतलें, मुंबईकर इंग्रज आरमार घेऊन आडवे आले, पुढें सिद्दीनें शेजारची उंदेरी धरली. हें सर्व खरें. पण एवढ्याकरितां होडींत बसण्याचें प्रयोजन काय? हा मजकूर पुण्यांतील ग्रंथालयांतही सांपडतो. (पुष्कळ लेखकांस समुद्र लागतो, ही गोष्ट निराळी!) कोळी ज्यास भजतात तो वेताळाचा पाषाण, दगडानें ठोकला असतां धातूसारखा वाजणारा खडक, १८६७ सालचें दीपगृह, यांविषयीं जो स्वतः गेला त्यानेंच सांगावयाचें. २०२५ सालीं मराठ्यांच्या इतर अकरा दुर्गांबरोबर खांदेरीही युनेस्कोच्या जागतिक वारशांत गणली गेली. आतां वर्णनांस भरती येईल. त्यांतील एका तरी लेखकानें थळच्या नाखव्याशीं चार शब्द बोलून मग लिहावयास बसावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.