ठेका आला, कायदा राहिला

‘सीसाउंडही आता ब्राउझरमध्ये चालतं!’ ‘चकही आलं!’ ‘सुपरकोलायडरही आलं!’ ध्वनिप्रोग्रॅमिंगच्या भाषांबद्दल गेली काही वर्षं हेच ऐकतो आहे. कोण आलं ते सगळे सांगतात, येऊन काय वाजवलं ते कुणी विचारत नाही. या सत्कार-समारंभांचा कंटाळा आला, म्हणून हा लेख.

ब्राउझरात आवाज घडवणाऱ्या इंजिनाचा प्रश्न कधीच सुटला. २०१८ मध्ये क्रोममध्ये ऑडिओवर्कलेट आलं, आवाजाची आकडेमोड पानाच्या इतर धांदलीपासून वेगळी झाली आणि जुनी तुटक खरखर बरीचशी थांबली. वेबअसेम्ब्लीने सी-सी++ मधली इंजिनं उचलून आत नेली. १२८ नमुन्यांचा एक घास, सेकंदाला ४४,१०० चा दर. म्हणजे पुढचा घास तयार करायला जेमतेम ३ मिलिसेकंद. तेवढ्यात तो तयार होतो. फाउस्ट या ध्वनिभाषेला गुण द्यायचे, कारण ते ब्राउझरातच कंपाइल होतं. बाकीची बहुतेक स्थलांतरं म्हणजे जुना वाडा नव्या प्लॉटवर उभा करणं: खोल्या त्याच, अंधारही तोच.

खरा आनंद दिला तो स्ट्रडलने. त्याचं मूळ म्हणजे अ‍ॅलेक्स मॅक्लीनचं टायडलसायकल्स, हॅस्केल भाषेतलं. ते, त्याच्याखाली सुपरकोलायडर आणि वर एक संपादक, एवढं बसवेपर्यंत उमेद संपायची. २०२२ मध्ये मॅक्लीन आणि फेलिक्स रूस यांनी ते जावास्क्रिप्टमध्ये नव्याने मांडायला घेतलं, तेच स्ट्रडल. आता पान उघडायचं, ओळ लिहायची, ऐकायचं. इथला काळ सरळ रेषेत पळत नाही, आवर्तनात फिरतो. चार आवाज लिहिले की आवर्तनाचे चार समान वाटे. एकाच्या जागी चौकोनी कंसात दोन लिहिले की दोघं त्या एका वाट्यात मावतात. कोनी कंसात लिहिले की आवर्तनागणिक पाळीपाळीने येतात. वाजणारा आवाज पडद्यावर उजळतो. तबला शिकलेल्या माणसाला यातली दुगुन समजावून सांगावी लागत नाही.

लागणार तरी कशी? ही कंसांची लिपी ज्यावरून सुचली त्या तबल्याचे बोल रचणाऱ्या प्रोग्रॅमचं नावच बोल प्रोसेसर. बर्नार्ड बेल आणि जिम किप्पन यांनी १९८० च्या दशकात अ‍ॅपलच्या छोट्या संगणकावर तो उभा केला. किप्पन हे लखनौच्या उस्ताद आफाक हुसेन खाँचे शागीर्द. यंत्राने कायद्याचे, म्हणजे ठरलेल्या बोलांवर बांधलेल्या तबल्याच्या रचनेचे, विस्तार रचायचे, तबलजींनी ते ऐकून चूक-बरोबर सांगायचं, मग नियम दुरुस्त करायचे, असं ते काम.

आणि इथेच माझं भांडण आहे. टायडलने बोल प्रोसेसरमधलं काळाचं गणित घेतलं, व्याकरण मागे ठेवलं. कोणत्या बोलापुढे कोणता बोल शोभतो, डग्गा घुमणाऱ्या भरीतला धा डग्गा गप्प राहणाऱ्या खालीत ता कसा होतो, हे तिथे नियम म्हणून लिहिलेलं होतं. स्ट्रडलमध्ये धापुढे काहीही येऊ शकतं. ‘हवं तर नियम तुम्ही जावास्क्रिप्टमध्ये लिहून घ्या’, असं उत्तर मिळेल. घेता येतात, कबूल. पण भाषा ज्या गोष्टीला खूण देते तीच गोष्ट लोक रोज करतात. दुगुनीला कंस आहे, म्हणून दुगुनी ढिगाने ऐकू येतात. खालीला खूण नाही, म्हणून सगळं भरीच: चार ठोके, वर सरकता फिल्टर, पुन्हा चार ठोके. आपली मंडळी त्यात तबल्याचा एक तयार तुकडा टाकतात आणि त्याला ‘भारतीय रंग’ म्हणतात. हा रंग नव्हे, डाग आहे.

खाली ही अंगात असते, ती यंत्राला कशी कळणार, असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या दुबळ्या संगणकाने प्रयत्न केला, चुकला, जाणकारांनी त्याला दुरुस्त केलं. आज तोच रियाज एका दुव्यावर होऊ शकतो: शिष्याने नियम लिहावा, दुवा पाठवावा, गुरूने फोनवर ऐकून ‘इथे ता हवा’ एवढं कळवावं. स्ट्रडलचा कोड सर्वांना उघडा आहे. तबल्याच्या वर्गाला जाणाऱ्या आणि दिवसा जावास्क्रिप्टवर पोट भरणाऱ्या मंडळींनो, आधी खालीची खूण लिहा. फिल्टर मग सरकवा.