'चांदोबा' आणि 'मायाबाजार'

चित्रपटाविषयी लिहिताना टीकाकाराची लेखणी दिग्दर्शक व नट यांच्यापुढे सहसा सरकत नाही. निर्माता म्हणजे पैसा पुरविणारा असामी, हा आपला समज. बी. नागी रेड्डी (१९१२–२००४) यांच्या बाबतीत तो खोटा ठरतो, असे आम्हांस वाटते.

कडप्पा जिल्ह्यात जन्मलेले रेड्डी मूळचे मुद्रक. चक्रपाणी या लेखकमित्राच्या साहचर्याने जुलै १९४७ मध्ये मद्रासेत त्यांनी 'चंदमामा' हे मुलांचे मासिक काढले. १९५२ मध्ये निघालेला 'चांदोबा' हे त्याचेच मराठी भावंड. बदलीच्या गावी मराठी शाळा नसे, तेव्हा विक्रम-वेताळाच्या ओढीने आमच्या मुलांची अक्षरओळख टिकली. हे ऋण तेलुगू माणसाचे, हे मात्र कित्येकांच्या ध्यानीही नसे.

याच दोघांच्या 'विजया' संस्थेने 'शावुकारु' (१९५०), 'पाताळभैरवी' (१९५१) असे चित्रपट काढले. त्यांत 'मायाबाजार' (१९५७) आम्हांस विशेष जवळचा, कारण विषय आपल्या 'वत्सलाहरणा'चाच. वत्सला येथे शशिरेखा झाली आहे. गोष्ट पांडवांच्या घरची, आणि पडद्यावर एकही पांडव येत नाही! मनातले प्रिय दाखविणारी एक पेटी आहे. तीत शशिरेखेला अभिमन्यू दिसतो, तिच्या आईला जडजवाहीर. पुढे शशिरेखेचे रूप घेतलेला घटोत्कच सावित्री ज्या राक्षसी ऐटीत उभा करते, ते पाहण्यास तेलुगू यावी लागत नाही. दिग्दर्शन के. व्ही. रेड्डींचे, छायालेखन मार्कस बार्टली यांचे. पण ही माणसे निवडून त्यांच्या हाती सारी साधने देणे, हेही एक कर्तृत्वच होय. चांगला मुद्रक अक्षरजुळणीत स्वतः दिसत नाही, तसेच हे.

तरीही एक तक्रार नोंदविली पाहिजे. 'मिस्सम्मा' (१९५५) मध्ये नोकरीसाठी दोन बेकार शिक्षक पतिपत्नी असल्याचे सोंग करतात; ती ख्रिस्ती, तो हिंदू. प्रसंग विनोदी, प्रश्न खरा. शेवटी मात्र ती जमीनदाराची हरवलेली हिंदू कन्या निघते आणि प्रश्न आयताच मिटतो. प्रेक्षकाला सुखरूप घरी पोचविण्याची ही घाई 'विजया'च्या सौजन्याचीच दुसरी बाजू आहे.

१९८६ चा फाळके पुरस्कार रेड्डींना लाभला. चक्रपाणी १९७५ मध्येच निवर्तले होते. त्यांचे नाव वगळून त्या सन्मानाचा हिशेब आम्हांस तरी जुळत नाही.